पग कुत्र्याला गोव्याचा उकाडा सोसवत नाही

पग घेतलात, छान! त्याच्या घोरण्यावर घरचे हसतात म्हणालात, पण ते कौतुकाचं नाही. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मऊ भाग लांब होऊन घशात येतो. म्हणजे साधा श्वास घेतानाही ओढाताण.

कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो आणि पगला नेमकं तेच नीट जमत नाही. त्यात आपली दमट हवा. एप्रिल-मेमध्ये पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतरच फिरवा. संध्याकाळी पाचलासुद्धा किनाऱ्याची वाळू तापलेली असते. गळपट्टा नको, छातीवरचा हार्नेस घ्या. जीभ जांभळट झाली, लाळ दाट झाली, चाल अडखळली, की अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तडक डॉक्टर गाठा.

पावसात नाकावरच्या कातडीच्या घडीचा वास घेत जा. कुबट आला तर ओल राहिली आहे. पुसून कोरडी करा, पावडर भरू नका.

डोळा मिचकावून धरला तर त्याच दिवशी दाखवा. बुबुळाला जखम असू शकते. घरात उरलेले थेंब अजिबात नकोत. त्यात स्टिरॉइड असेल तर जखम चिघळते.

वजनाचं म्हणाल तर, पोदेराचा (पाववाल्याचा) उंडा, म्हणजे गोल पाव, रोज भरवणं आजीला बंद करायला सांगा. (सांगून बघा!) चरबी वाढली की श्वास आणखी कोंडतो.

नसबंदीआधी डॉक्टरांना घोरण्याबद्दल आवर्जून सांगा. भूल उतरून तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत घशातली श्वासाची नळी ठेवणार ना, हेही विचारा.