विल्डबीस्टचं क्रॉसिंग नक्की दिसेल का आणि ते इतके मठ्ठ का (मोठं उत्तर आहे)

ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई माराला जाताय, विल्डबीस्ट (आफ्रिकेतलं बैलासारखं दिसणारं हरीण) कळपाने नदी ओलांडतात ते क्रॉसिंग नक्की दिसेल का आणि समोर मगरी असताना हे प्राणी पाण्यात उड्या का मारतात, असं विचारलंय तुम्ही. आधी पहिलं. नक्की असं काही नसतं हो. मी गेलो तेव्हा पहिल्या दिवशी मारा नदीच्या काठावर साडेचार तास जीपमध्ये बसून होतो, समोर हजारभर विल्डबीस्ट, पुढचे चारपाच अगदी पाण्यापर्यंत यायचे, तेवढ्यात एखादा झेब्रा दचकायचा आणि अख्खा कळप धुरळा उडवत मागे. असं तीनदा झालं. आमचे ठेपले संपले, ते काही उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही पोचायच्या आधीच सुरू झालेलं, वीस मिनिटांत खलास.

लीडर वगैरे कोणी नसतो. मागून रेटा येतो आणि पुढचा पडतो, बस्स. दादरला आपण कुठे उतरतो, उतरवले जातो ना, तसंच. आणि टीव्हीवर दाखवतात तेवढे मगरी खात नाहीत, जास्त मरतात ते बुडून आणि चेंगरून, विशेषतः पलीकडचा काठ उभा असला की. अभ्यासकांनी मोजलंय, मारा नदीत वर्षाला सरासरी ६ हजारांवर बुडतात. आकडा भयंकर वाटतो, पण एकूण १३ लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि ते मढंही वाया जात नाही, गिधाडं, मारबू करकोचे, मासे सगळे त्यावर जगतात, हाडं तर वर्षानुवर्षं पाण्यात झिजत राहतात.

मठ्ठ म्हणाल तर मला पटत नाही. ते पावसामागे आणि गवतामागे फिरतात. टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीत, न्दुटूच्या बाजूला, ज्वालामुखीच्या राखेची जमीन आहे, तिथल्या बुटक्या गवतात कॅल्शियम फॉस्फरस भरपूर, दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच लागतं. पण पाऊस थांबला की तिथे प्यायला पाणी नाही, मग मे-जूनमध्ये निघायचं वायव्येला, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला माराच्या बाजूला, आणि पाऊस आला की परत खाली. वाटेतच मे-जूनमध्ये त्यांचा माजाचा काळ येतो, नर चार पावलांची जागा अडवून दिवसभर घुमत असतात. लाखभर एकत्र घुमले की पहिल्या पावसानंतर शेतात बेडूक ओरडतात ना, हुबेहूब तसं वाटतं. ड्रायव्हर त्यांना न्युम्बू म्हणत होता, स्वाहिलीत तेच नाव.

एक गोष्ट गावाकडच्या जुन्या लोकांना लगेच कळेल. बुळकांडी, गुरांची ती जीवघेणी साथ, आठवते का? तोच रोग १८९० च्या दशकात गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत पसरला आणि विल्डबीस्टही मरायला लागले. पुढे तिथल्या गुरांना लस टोचली गेली, यांना कोणी हातही लावला नाही, तरी रोग यांच्यातूनही गेला. १९६१ च्या सुमारास अडीच लाख होते, १९७७ पर्यंत १३ लाख!

माझं विचाराल तर सुट्टी फिरवता येत असेल तर फेब्रुवारीत न्दुटूला जा. बहुतेक पिल्लं दोनतीन आठवड्यांत जन्मतात, इतकी एकदम की तरसांची पोटं भरतात तरी पिल्लं उरतात. आमच्या समोर एक मादी व्यायली, वासरू ओलं, मातकट रंगाचं, पुढचे पाय ताणून उठलं, पडलं, परत उठलं, नाकावर आपटलं, मी घड्याळ लावलेलं, सात मिनिटांत चारी पायांवर आणि थोड्या वेळाने आईच्या बरोबर पळत होतं. एवढे पाय नुसते बांबू आणि पळणं बघा.

पण नवीन वासराला समोर जे हलतं ते आई वाटतं. संध्याकाळी एक चुकलेलं वासरू आमच्या जीपमागे लागलं, आम्ही थोडं पुढे गेलो की तेही धावत यायचं, मग ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि कोणी बोलू नका म्हणाला. वासरू टायरला नाक लावून उभं. दहाबारा मिनिटं गेली असतील, लांबून कळप जायला लागला तसे कान त्या बाजूला वळले, आणि गेलं एकदाचं तिकडे. आई सापडली की नाही ते काही दिसलं नाही, अंधार पडला होता आणि गेट बंद व्हायच्या आत आम्हाला पोचायचं होतं.