नोकरी जायची भीती वाटतेय? आधी एवढंच करा

दादा, घाबरू नका, पगार चालू असतानाच विचार करताय हे बरंच आहे. शेअर, सोनं वगैरे नंतर बघू, आधी हे तीन:

१) सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, आणि त्यात ईएमआय, शाळेची फी, आईबाबांची औषधं सगळं धरा, नुसता किराणा नाही. सगळा पैसा एकाच बँकेत नको, २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १००० रुपये काढता येत होते. ठेवीवरचा विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच, पतसंस्थेला तर तोही नाही, तेव्हा जास्त व्याजाला भुलू नका.

२) कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. स्वतःचा आत्ताच घ्या, जुन्या आजारांना वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर काही काळ त्यांचा खर्च मिळत नाही.

३) घरात सांगा. बरेच जण इथेच चुकतात, पगार थांबला तरी बायकोपासून लपवतात आणि क्रेडिट कार्डावर पहिल्यासारखंच घर चालवतात, मग ते व्याज फेडता फेडता नाकी नऊ येतात. मुलांना कळतं हो, यंदा गणपती साधेपणाने करू म्हटलं तर ती रुसत नाहीत, (मोठ्यांचीच इज्जत आडवी येते).

आज बसून महिन्याचा खरा खर्च काढा आणि इथे टाका, पुढचं त्यावर बोलू.