उजवी टिचकी : व्हिडिओ साठवू का, ताई?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत : नेटवरचा व्हिडिओ आपल्याकडे ठेवायचा कसा, आणि ठेवला तर चालतं का.

उत्तरं द्यायच्या आधी घरची गोष्ट सांगून टाकते. माझ्या बाबांची इतवारीत व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. शाळेतून आलं की परत आलेल्या कॅसेटी रिवाइंड करून ठेवायचं काम माझं. ज्या कॅसेटला मागणी जास्त, तिची बाबा रात्री दोन व्हीसीआर जोडून कॉपी काढत. कॉपीची कॉपी काढली की माणसांचे चेहरे जांभळट दिसायचे आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. तेव्हा गल्लीत कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं, आम्हालाही नाही. तेव्हा मी सोवळ्यात बसून उत्तरं देऊन राहिली असं समजू नका.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचं शूटिंग ज्यांना दिलं होतं, त्यांनी फेसबुकवर त्यांच्याच पेजवरून लग्न लाइव्ह दाखवलं. अमेरिकेतल्या जाऊबाईंनी सगळं बघितलं. आता फाइल मागितली तर "लिंक आहे ना मावशी, केव्हाही बघा" म्हणतात. लग्नाला बावीस दिवस झाले. ब्राउझरमधून तो व्हिडिओ मला उतरवता येईल का? की परवानगी लागते?
– एक वाचक, मानेवाडा

तुमचं पत्र वाचून मी आधी फोन उचलला, लेखणी नंतर. कारण "केव्हाही बघा" हे खरं नाही. फेसबुकवरचं लाइव्ह फेब्रुवारी २०२५ पासून तीसच दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. हा अंक तुमच्या हातात पडेस्तोवर सप्तपदी गायब झाली असती.

ज्यांच्या पेजवर व्हिडिओ आहे, त्यांना तो तिथूनच डाउनलोड करता येतो. त्यासाठी वेगळं ॲप, वेगळी वेबसाइट काही लागत नाही. म्हणून मी तुम्हाला म्हटलं की शूटिंगवाल्यांच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जा आणि समोर बसा. तुम्ही गेलात, चहा झाला, आणि फाइल पेनड्राइव्हवर जाईना! त्यात त्यांची काही लबाडी नव्हती. जुन्या पेनड्राइव्हची मांडणी बहुधा फॅट ३२ पद्धतीची असते आणि तीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. हळदीपासून पाठवणीपर्यंतची एकच फाइल ११ जीबीची होती. मोठ्या फाइली घेणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत पेनड्राइव्ह फॉरमॅट केल्यावर ती गेली. फॉरमॅट केलं की आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं मात्र इतरांनी आधी बघून घ्यावं.

आता परवानगीचं. शूटिंगवाला कॅमेरा धरतो म्हणून व्हिडिओ त्याचा, असं सगळे धरून चालतात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १७ सांगतं की कुणी पैसे मोजून, आपल्या सांगण्यावरून फोटो किंवा चित्रफीत करवून घेतली असेल, तर वेगळा करार नसल्यास तिचा पहिला मालक तो करवून घेणाराच. म्हणजे तुम्ही. ठरवताना कुठल्या कागदावर सही केली होती का, ते एकदा बघा. छापील पावतीच्या मागे बारीक अक्षरात कधी कधी असतं. आणि अल्बमचे पैसे बाकी आहेत म्हणालात, तेही देऊन टाका. हक्क सांगायला जाताना उधारी नको.

एक पुरवणी. वरातीत गाणी वाजली म्हणून तुम्हाला कुणी धरणार नाही. लग्नातल्या वाजवण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे, आणि ती वरातीचा उल्लेख करून दिली आहे. पण तोच व्हिडिओ गाण्यांसकट उद्या तुम्ही यूट्यूबवर चढवला तर ती सूट मागे मागे येत नाही. आवाज बंद झालेली वरात बघायला मिळाली तर नवल वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी देवलापारच्या पुढे एका शाळेवर शिक्षक आहे, घर नागपूरला. शाळेत नेटवर्क म्हणजे आमराईच्या टोकाला उभं राहिलं तर एक कांडी. विज्ञानाचे चांगले व्हिडिओ घरून उतरवून नेले तर पोरांना दाखवता येतील. ब्राउझरला एक्सटेन्शन लावलं की कुठलाही व्हिडिओ सेव्ह होतो म्हणतात. लावू का? आणि हे चोरीत मोडतं का?
– एक शिक्षक, रामटेक तालुका

गुरुजी, एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लावू नका. का, ते सांगते.

ब्राउझरमध्ये व्हिडिओ दोन तऱ्हांनी येतो. साध्या वेबसाइटवर तो एक सरळ फाइल असतो. त्यावर माउसची उजवी टिचकी (राइट क्लिक) मारली की "सेव्ह व्हिडिओ ॲज" येतं. तिथे ठेवणाऱ्यानं दार उघडंच ठेवलं आहे. यूट्यूबसारख्या ठिकाणी मात्र व्हिडिओ काही काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. तुम्ही बघत जाता तसे पुढचे तुकडे मागवले जातात, चित्र वेगळं, आवाज वेगळा, आणि ब्राउझर ते जोडून दाखवतो. झणक्याची ताटली वाढून आली असं आपल्याला वाटतं, पण आत मात्र एकेक चमचा येऊन राहिला असतो. म्हणून तिथे उजव्या टिचकीला त्यांचीच यादी उघडते, साठवण्याचं नाव नाही. कंट्रोल आणि एस दाबून पान साठवलं, तर नुसतं टरफल मिळतं. आमच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक आजोबा अशी चाळीस टरफलं घेऊन आले होते, नीट फोल्डर करून, तारखा टाकून. एकातही व्हिडिओ नव्हता. मला सांगायला जीव होईना.

एक्सटेन्शन हे तुकडे वेचून जोडायचं काम करतं. त्यासाठी लावतानाच ते विचारतं : सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू का? आपण घाईत हो म्हणतो. "सगळ्या" मध्ये तुमची बँक आली, पगाराची साइट आली. मागच्या उन्हाळ्यात गोकुळपेठेतल्या माझ्या टेबलावर एक लॅपटॉप आला. काहीही शोधलं की भलतंच पान उघडायचं, कोपऱ्यात दर मिनिटाला "तुमचा संगणक धोक्यात". बाईंनी सहा महिन्यांपूर्वी भाचीच्या नाचाचा व्हिडिओ उतरवायला एक्सटेन्शन लावलं होतं. मी ते काढलं, लॅपटॉप दिला. दुसऱ्या दिवशी परत हजर! त्यांच्या घरच्या दुसऱ्या संगणकावर तेच गुगल खातं, सिंक (दोन्हीकडे सारखंच ठेवणारी सोय) चालू, तिकडून हे भूत पुन्हा इकडे आलं. दोन्हीकडून काढलं, नोटिफिकेशनच्या परवानग्या साफ केल्या, पासवर्ड बदलायला लावले, तेव्हा कुठे निवांत झालं.

लिंक चिकटवून व्हिडिओ देणाऱ्या वेबसाइटींचंही तेच. हिरव्या रंगाची तीन मोठी बटणं असतात, तिन्ही जाहिराती. उतरलेल्या फाइलचं नाव धडा.mp4 दिसलं म्हणून ती व्हिडिओच असेल असं नाही. फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट विंडोज लपवतं, खरं नाव धडा.mp4.exe असू शकतं, आणि .exe म्हणजे व्हिडिओ नव्हे, प्रोग्राम. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये "फाइल नेम एक्सटेन्शन्स" वर खूण करून ठेवा, शेपूट दिसायला लागेल.

मग करायचं काय? यूट्यूबवर शोधून झालं की फिल्टरमध्ये "क्रिएटिव्ह कॉमन्स" निवडा. हे व्हिडिओ करणाऱ्यानं स्वतःच वापरायला मोकळे केलेले असतात, नाव दिलं की झालं. पण ही मोकळीक करणाऱ्यानं दिली, डाउनलोडचं बटण यूट्यूबनं द्यायचं असतं, म्हणून तोच व्हिडिओ मूळ वेबसाइटवर उतरवायला ठेवला आहे का ते बघा. विकिमीडिया कॉमन्सवर विज्ञानाच्या छोट्या फिती आहेत, तिथे उतरवण्याचं बटण समोरच आहे. प्रीमियमचे पैसे भरले तर यूट्यूब स्वतःच ऑफलाइन ठेवू देतं, क्रोममध्येसुद्धा. पण ते त्याच खात्यात, त्याच यंत्रावर चालतं, आणि ३० दिवसांत एकदा नेटला जोडावं लागतं. पेनड्राइव्हवर टाकून शाळेच्या टीव्हीला लावता येत नाही. तुमचा लॅपटॉपच टीव्हीला जोडा, म्हणजे भागेल.

सगळ्यात सोपी वाट कुणी धरत नाही, ती म्हणजे विचारणं. चॅनलच्या माहितीत बहुधा ईमेल असतो. आमच्या ओळखीच्या एका बाईंसाठी मी चार ओळी लिहिल्या होत्या : शाळा कुठे, मुलं किती, नेट नाही, अमुक तीन व्हिडिओ वर्गात दाखवायचे आहेत, पुढे कुणाला देणार नाही. चौथ्या दिवशी चॅनलवाल्या मुलानं गुगल ड्राइव्हची लिंक पाठवली, वर सहा व्हिडिओ जास्तीचे. वर्गातल्या पोरांचा फोटो पाठवाल का म्हणून विचारलं.

चोरीचं विचारलंत. कलम ५२ मध्ये शाळेसाठी बरीच जागा आहे. प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं असतील, तर शाळेच्या कामाचा भाग म्हणून चित्रफीत दाखवता येते. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं काढलेली प्रतही उल्लंघन धरत नाहीत. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं "शिकवण्याच्या ओघात" याचा अर्थ नुसता वर्गातल्या तासापुरता धरला नाही. तो खटला पुस्तकांच्या पानांचा होता हे खरं, पण शिक्षकाकडे कायदा कुठल्या नजरेनं बघतो ते त्यातून कळतं. स्वतःपुरत्या, खाजगी वापरालाही त्याच कलमात रास्त सूट आहे.

पण कायदा वेगळा आणि वेबसाइटची अट वेगळी. यूट्यूबची अट अशी की आम्ही बटण दिलं असेल किंवा लेखी परवानगी असेल तरच उतरवा. ती मोडली तर लगेच पोलीस येत नाहीत, पण खातं बंद करायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. आणि तोच व्हिडिओ तालुक्याच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की तो तुमच्या वर्गातून बाहेर पडला. मग वर्गाची सूट सांगता येणार नाही. ग्रुपवर लिंक टाका. ज्याला हवा तो आपापल्या आमराईत जाऊन बघेल.

प्रश्न : माझं पोट्टं ओटीटीवरची मालिका लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला पाहते, पण पडदा काळाच येते. लॅपटॉप बिघडला का?
– एक आई, महाल

नाही बाप्पा, लॅपटॉप ठणठणीत आहे. त्या मालिका कुलूप लावून येतात. क्रोममध्ये हे कुलूप गुगलच्या वाइडवाइनचं असतं. चित्र राखीव जागेत उघडलं जातं आणि रेकॉर्ड करणाऱ्याच्या हाती काळा चौकोन ठेवला जातो. हक्क मोडायच्या इराद्यानं हे कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे, कलम ६५ अ, दोन वर्षांपर्यंत कैद. मालिका मोबाइलवर उतरवायचं बटण त्यांच्या ॲपमध्येच असतं. त्याला ते दाखवा, आणि परीक्षा कधी आहे तेही विचारा.

प्रश्न : आमचं महिला भजनी मंडळ आहे. नेटवरून दोन जुन्या कॅसेटमधली भजनं उतरवली, त्यावर आमचे फोटो लावून मंडळाच्या चॅनलवर टाकली. एकावर कॉपीराइटचा दावा आला. देवाच्या भजनावर कसला आलाय हक्क?
– मंडळाच्या सचिव, नंदनवन

देवावर नाही, कॅसेटवर. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे. पण त्याला कुणी नवी चाल लावली असेल तर ती चाल बांधणाऱ्याची, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. शिवाय ते ध्वनिमुद्रण ज्या कंपनीनं केलं तिचं, प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. यूट्यूबचं यंत्र आवाजाचा ठसा जुळवून बघतं, त्याला फोटो कुणाचे लावले याच्याशी घेणंदेणं नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं देहावसान १९६८ चं. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांची मुदत कायद्याच्या हिशोबानं २०२८ च्या अखेरीस संपते. तोवर त्या चॅनलवर टाकायच्या तर प्रकाशकाला एक पत्र टाकावं.

घाबरू मात्र नका. दावा आणि स्ट्राइक यात फरक आहे. दाव्यात बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातात, किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेली ताकीद, ९० दिवसांत अशा तीन आल्या तर चॅनलच जातं. दोन्ही भजनं स्वतःहून काढून टाका.

आणि काऊन हो, मंडळात चौदा जणी, पेटी आहे, खंजिरी आहे, तर दुसऱ्याची कॅसेट कशाला? पारंपरिक चालीत तुकोबांचा अभंग तुम्हीच म्हणा आणि मोबाइलवर घ्या, तो सगळा तुमचा. पंखे बंद ठेवा. मोबाइल पेटीपासून दोन हात लांब, आणि खंजिरीवाल्या बाईंना सगळ्यांत मागे बसवा, नाहीतर त्या झांजांपुढे मोबाइलच्या माइकला दुसरं काही ऐकूच येत नाही.