किती खायचं ते पोराला ठरवू दे

ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, तीन वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, शिफ्ट बदलती असते. मुलगा मोबाईलशिवाय एक घास खात नाही. एका जेवणाला तास जातो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वाटी घेऊन त्याच्या मागं जिन्यापर्यंत जातात आणि नाहीच खाल्लं तर दूध-बिस्कीट देतात. दिवसाला तीन ग्लास दूध होतं. शिवाय संध्याकाळी सासरे त्याला गंगावेशीत नेऊन धारोष्ण दूध पाजतात. अंगणवाडीत वजन केलं तर साडेबारा किलो भरलं. आत्या म्हणतात, पोरगं वाळलं, आईचं लक्ष नाही. मिस्टर म्हणतात, तुम्ही दोघी बघा. परवा रात्री मी त्याच्या हातावर जोरात फटका मारला, ताट सांडलं. आता तो ‘आई मारती’ म्हणतो आणि आजीकडं पळतो. मोबाईल कसा सोडवू? आत्यांना कसं सांगू? मी वाईट आई आहे का? पुढच्या महिन्यात गडहिंग्लजला माहेरी यात्रा आहे, तिथं पुन्हा सगळे हेच बोलणार.
– एक आई

प्रिय लेकी,

आधी वजनाचं बोलू, कारण तुमच्या घरातली सगळी भीती त्या साडेबारा आकड्याभोवती फिरतेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं मधलं वजन 14.3 किलो आहे आणि 11.3 ते 18.3 किलोपर्यंतची मुलं नेहमीच्या कक्षेत धरतात. तुझा मुलगा मधल्या आकड्याच्या खाली आहे, पण कक्षेत आहे. अंगणवाडीतून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढ. त्यात वजनाचा आलेख असतो आणि त्यावर हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे असतात. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची रेघ कशी चाललीय ते बघायचं. पहिल्यापासून याच उंचीवरून चढत आली असेल तर पोरगं वाळलेलं नाही, त्याची चणच बारीक आहे. रेघ सपाट झाली असेल किंवा खाली वळली असेल तर मात्र या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडं जा.

आता भुकेचं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर तेच मूल अख्ख्या वर्षात दोनेक किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते, आणि नेमकं याच वयात मूल चालायला, पळायला, नाही म्हणायला शिकलेलं असतं. घरच्यांना वाटतं, वर्षाचा असताना वाटीभर खिमट खायचा आणि आता चार घासांत तोंड फिरवतो. ते बरोबरच दिसतं त्यांना. पण त्यात आजार नाही आणि आईचा दोषही नाही.

शिवाय तुझ्या पत्रातलं दूध मोज. घरचे तीन ग्लास, वर गंगावेशीतला एक. ग्लास 200 मिलीचा धरला तर 800 मिली झालं, आणि तेही बहुतेक म्हशीचं, घट्ट. या वयाला दिवसभरात 400 ते 500 मिली पुरे होतं. एवढं दूध आणि बिस्किटं पोटात गेल्यावर भाकरीला जागा कुठली उरणार? तुझा मुलगा उपाशी नाही गं. तो दुधावर जेवलेला असतो आणि मग आपण त्याला दुसऱ्यांदा जेवायला बसवतो. जास्त दुधाचा आणखी एक तोटा आहे. दुधात लोह फार थोडं असतं, शिवाय अन्नातलं लोह अंगी लागायलाही ते आडवं येतं. अशा मुलांना रक्त कमी पडतं, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. शौचाला खडा होतो तो वेगळाच. पोरगं फिकट दिसत असेल, माती किंवा भिंतीचा चुना चाटत असेल तर डॉक्टरांना हिमोग्लोबिन तपासायला सांग.

गंगावेशीचं मी जरा जपून बोलते, कारण ती आपल्या गावची जुनी, लाडकी गोष्ट आहे. दारात म्हैस पिळून फेसाळ दूध द्यायची रीत कोल्हापूरकरांना तालमीइतकीच जवळची. नातवाला बोट धरून तिथं नेणाऱ्या आजोबांच्या मनात मायाच आहे, दुसरं काही नाही. पण कच्च्या दुधातून क्षयाचे, ब्रुसेलोसिस नावाच्या तापाचे जंतू पोटात जाऊ शकतात. तालमीतल्या गड्याचं शरीर वेगळं, तीन वर्षांच्या पोराचं वेगळं. त्याला दूध उकळलेलंच द्यावं, यात मी तडजोड सांगणार नाही. सासऱ्यांचा फेरा मात्र बंद करू नकोस. म्हशी दाखवून पुढं रंकाळ्यावर नेऊ देत, पळू देत पोराला तासभर. तसं पळून आलेलं पोरगं रात्री आठ वाजता स्वतःहून ताटाकडं बघेल, दूध पिऊन आलेलं बघणार नाही.

माझं मुख्य म्हणणं आता सांगते. काय शिजवायचं, कधी वाढायचं आणि कुठं बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, किंवा खायचंच नाही, हे पोराला ठरवू दे. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही वाटणी मांडली आणि आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ ती सांगतात. ऐकायला सोपी आहे, पाळायला फार अवघड, कारण आपल्याकडं पोटभर भरवणं हीच माया समजली जाते. पण निरोगी मुलाला आपली भूक कळते. त्याच्या तोंडात जबरदस्तीनं घास कोंबला की ते कळणं हळूहळू बंद पडतं.

म्हणून तीन जेवणं आणि मधली दोन खाणी, एवढ्या वेळा बांधून घ्या. मध्ये फक्त पाणी. स्वयंपाकघरात चटई टाकून सगळ्यांनी एकत्र बसा, निदान रात्री तरी. त्याच्या ताटात मोठ्या चमच्यानं एक-दोन चमचे एवढंच वाढ, संपलं तर तो मागेल. सांडेल, चटई धुवावी लागेल, पण त्याच्या हातानं खाऊ दे. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचल. ‘खाल्लं नाहीस ना, बघ आता’ असलं काही बोलायचं नाही आणि पाठोपाठ बिस्कीटही द्यायचं नाही. पुढच्या वेळेला पुन्हा ताट.

त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नकोस. आमटीत कुस्करलेली भाकरी, दहीभात, तूप-गुळाची पोळी, उकडलेलं अंडं, मेथीचं थालीपीठ, सगळं घरातलंच. मटण असेल त्या दिवशी चटणी पडायच्या आधी अळणी काढून ठेवतेसच, त्यात भात कालवून दे. मटणातल्या लोहाची त्याला गरज आहे. शाकाहारी दिवशी डाळ-पालेभाजीवर लिंबू पीळ, त्यानं भाजीतलं लोह जास्त लागू पडतं. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणून ती त्याला आवडत नाही असं धरू नका. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं ती चाखतात. आणि अख्खे शेंगदाणे, उसाची करवं या वयात नकोत, घशात अडकतात. शेंगदाण्याचं कूट चालेल.

मोबाईलचं तू विचारलंस. स्क्रीन बघत जेवणारं मूल चव घेत नाही, चावत नाही, पोट भरलेलंही त्याला कळत नाही. घास आला की नुसतं तोंड उघडतं. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय. जेवताना तो एकदम बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आज पाच मिनिटं, उद्या तीन मिनिटं असं केलंस तर रोज घासाघीस होईल. मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी सुरू कर. आदल्या दिवशी पोराला सांग, उद्यापासून जेवताना मोबाईल झोपणार. घरातले सगळे फोन, मिस्टरांचासुद्धा, फ्रिजवर ठेवा. पहिले तीन-चार दिवस तो रडेल, लोळेल, एखादं जेवण पूर्ण सोडेल. त्यानं एक जेवण सोडल्यानं काही बिघडत नाही. मात्र चौथ्या दिवशी कुणी दया येऊन फोन दिला, तर पोरगं एवढंच शिकेल की चार दिवस रडायला लागतं. म्हणून चौघांचं एकमत होईपर्यंत सुरू करू नकोस. धाकटीला तर ही सवय लागूच देऊ नका, तिचं वरचं खाणं नुकतं सुरू झालंय.

आत्यांकडं येते. त्यांच्यावर रागावण्याआधी एवढं लक्षात घे की त्यांच्या पिढीनं जुलाबात, गोवरात गेलेली लेकरं डोळ्यांनी बघितली आहेत. बारीक पोर म्हणजे धोका, हे त्यांच्या मनात खोल बसलंय. तू इंटरनेटवरचं वाचून दाखवलंस तर त्यांना तो आपल्या अनुभवाचा अपमान वाटेल. त्यापेक्षा पुढच्या वेळी डॉक्टरांकडं त्यांना बरोबर ने आणि दुधाचं, वजनाचं त्यांनाच विचारू दे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्या घरी येऊन शेजारणीलाही सांगतील. आणि त्यांच्या हातातली वाटी नुसती काढून घेऊ नकोस. ‘आत्या, तो तुमच्याजवळच बसतो, तुम्ही त्याच्या शेजारी जेवत जा, तुमचं बघून खाईल,’ असं म्हण. हे खोटंही नाही, मुलं बघूनच शिकतात. चिऊचा घास, काऊचा घास त्या करत असतील तर करू देत. त्यात आजी पोराकडं बघते, पोरगं आजीकडं बघतं. त्यानं तोंड फिरवलं की मात्र चिऊही थांबली पाहिजे, एवढं ठरवून घ्या. वाद झाला तर त्याच्यासमोर नको. मूल फार लवकर ओळखतं की घरात दोन पक्ष आहेत आणि बिस्कीट कुठल्या पक्षाकडं आहे.

तुझ्या मिस्टरांनी हे वाचावं म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ‘तुम्ही दोघी बघा’ म्हणून तुम्ही भांडणातून बाहेर पडत नाही, बायकोला एकटं पाडता. तुमच्या आईशी बोलणं तुमचं काम आहे, सुनेचं नाही. फौंड्रीतली पाळी करून माणूस थकतो, मला कळतं. पण दिवसपाळी असेल तेव्हा रात्रीचं जेवण आणि दुसरी पाळी असेल तेव्हा सकाळची न्याहारी, यातलं एक तुम्ही मुलाबरोबर बसून करा. आणि सुट्टीच्या दुपारी दोन्ही पोरं सांभाळा, तिला झोपू द्या.

कारण लेकी, तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या फटक्याची, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या अपुऱ्या रात्रींची. तू वाईट आई नाहीस. आठ महिने सलग झोप न झालेल्या बाईचा हात उठला. तरीही मारणं थांबायला हवं. तीन वर्षांच्या मुलाला फटक्यातून जेवण कळत नाही, फक्त भीती कळते, आणि ताट दिसलं की ती भीती परत येते. त्याच्याजवळ बस, त्याच्या उंचीवर ये आणि सांग, ‘आईनं मारलं, ते चुकलं. तुला लागलं ना? आई परत मारणार नाही.’ एवढंच. ‘पण तूही त्रास दिलास’ हे शेपूट त्याला जोडू नकोस. पुन्हा राग चढला की ताट खाली ठेव, पोराला आत्यांकडं दे आणि गॅलरीत जाऊन उभी राहा. तो आजीकडं पळतो याचं वाईट वाटून घेऊ नकोस, घरात दुसरी कुशी आहे हे त्याचं नशीब. तू मारत नाहीस हे त्याला पटलं की तो येईल.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. बाळ झोपल्यावरही तुला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील, तर हा नुसता थकवा नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य वर्षभरात कधीही येऊ शकतं आणि ते उपचारानं बरं होतं. बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना किंवा सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखव. सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली तर थांबू नकोस, त्याच क्षणी मिस्टरांना किंवा आत्यांना उठव.

राहिली गडहिंग्लजची यात्रा. पुढच्या महिन्यापर्यंत घरी घडी बसली असेल तर दोन दिवसांत ती मोडत नाही. तिथं तो पेढे खाईल, जेवणाच्या वेळा चुकतील, चुकू देत. फक्त निघायच्या आधी आईला फोन करून दोन गोष्टी सांग: जेवताना कुणी त्याच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, आणि त्याच्यासमोर ‘वाळलंय’ हा शब्द काढायचा नाही. कुणी म्हणालंच तर वजनाचं कार्ड पिशवीत असू दे.