भिंतीवरची बोंडं आणि समोरचा माणूस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तान्ह्या पोळ्याच्या सांजेला शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरने कापसाची बोंडं पाडायची आणि ती माणसाच्या सावलीवर थांबवायची, हा तुझा बेत मला फार आवडला. पण तुझं सगळं लक्ष बोंडांच्या रंगावर आहे. माणूस कुठे उभा राहील, ते आधी ठरव.

कॅमिल अटरबॅक आणि रोमी अकिटुव्ह या कलाकारांच्या १९९९ सालच्या ‘टेक्स्ट रेन’ या कलाकृतीत अक्षरं पडतात आणि माणसाच्या आकृतीवर टेकतात. नियम एकच: ठरावीक मर्यादेपेक्षा गडद दिसेल, त्यावर अक्षर थांबतं. म्हणून हात चालतो, छत्री चालते, ताणून धरलेली ओढणीही चालते. कुणाला काही शिकवावं लागत नाही. तूही एवढाच नियम ठेव, पोट्ट्यांच्या हातातले लाकडी बैल आपोआप बोंडं झेलतील. सूचनांची पाटी मुळीच लावू नको.

१२ फूट रुंद चित्राला साध्या प्रोजेक्टरला १८ फुटांच्या आसपास अंतर लागतं. तो जमिनीलगत ठेव. साडेतीन फुटांचं पोर त्याच्यापासून १० फुटांवर उभं राहिलं, तर सावली सव्वासहा फुटांची पडते. भिंतीशी उभ्या बापाहून उंच! राफाएल लोझानो-हेमर या कलाकाराने २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या चौकात हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं, २ ते २५ मीटरच्या सावल्यांनी. लहान-मोठं होता येतं हे कळलं की माणसं मागे-पुढे सरकू लागतात, अनोळखी सावल्यांशी खेळू लागतात. लाजून कडेला थांबलेल्या बायाही तेव्हाच पुढे येतात, म्हणून कडेची जागा मोकळी ठेव.

माणसं टिपणारा कॅमेरा प्रोजेक्टरच्या भिंगाला अगदी लागून बसव. दूर गेला की बोंडं सावलीच्या बाजूला हवेत अडकतील. साधा वेबकॅम भिंतीवरची बोंडंही पाहतो आणि त्यांनाच माणूस समजतो. त्यावर उपाय असा: त्यातला इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) अडवणारा फिल्टर काढ, भिंगासमोर डोळ्यांना दिसणारा उजेड अडवणारा फिल्टर लाव, आणि सीसीटीव्हीसाठी मिळणारे ८५० नॅनोमीटरचे दिवे दोन्ही बाजूंनी भिंतीवर मार. भिंत उजळ, माणूस काळा. भिंतीवरच्या चित्राचे चार कोपरे कॅमेऱ्यातल्या चित्राशी मात्र समोरचा फिल्टर लावायच्या आधी जुळव, नंतर कॅमेऱ्याला चित्र दिसणारच नाही. फोकस शेवटी पुन्हा कर, इन्फ्रारेडमध्ये तो सरकतो.

हात हलल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात बोंड हललं पाहिजे. उशीर झाला की लोकांना वाटतं, आधीच भरून ठेवलेला व्हिडिओ चाललाय, आणि ते निघून जातात. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप जुळवून घेणं) बंद कर. अंधारात तेच फ्रेमचा वेग पाडतं. हिशेब कॅमेऱ्याच्या ३२० बाय २४० पिक्सेलच्या लहान चित्रावर कर, बोंडं मोठ्या चित्रात काढ.

पावसाळी किडे प्रोजेक्टरवर झेपावतील. मुठीहून लहान ठिपके गाळून टाक, आणि थोडं दूर एक एलईडी दिवा लावून त्यांना तिकडे ओढ. गर्दीत सगळी बोंडं डोक्यांवरच अडकतात, म्हणून चार सेकंदांनी ती घसरू देत. कुणी नसतानाही बोंडं पडत राहू देत, कोऱ्या भिंतीपुढे कोणी थांबत नाही.

लाइट गेली तर लॅपटॉप तग धरेल, प्रोजेक्टर नाही. त्याला इन्व्हर्टर दे. आणि मंडपवाल्याला दुपारीच गाठ. त्याच्या हॅलोजनमधून इन्फ्रारेड भरपूर निघतं, तो भिंतीसमोर लागला तर कॅमेऱ्याला माणसंही भिंतीइतकीच उजळ दिसतील.