मे महिन्यात टिकेल तेवढेच ओव्हरक्लॉकिंग

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार संगणकात रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम आणि प्रोसेसरसोबत मिळालेला कूलर आहे. काम लग्नाच्या व्हिडिओ संपादनाचे आणि राहणे यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. फारसा खर्च न करता ओव्हरक्लॉकिंगने, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, वेग किती वाढवता येईल, असे तुम्ही विचारले आहे. वेग वाढवता येईल, परंतु तुमचे सर्वाधिक काम लग्नसराईत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत येते आणि आपल्याकडे नेमका त्याच दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे जानेवारीच्या थंडीत टिकलेल्या सेटिंगवर विसंबून राहता येणार नाही.

मदरबोर्डची अडचण नाही. रायझन मालिकेतले जवळपास सर्व प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसाठी खुले असतात आणि बी४५० चिपसेट (मदरबोर्डची मुख्य नियंत्रक चिप) त्याला परवानगी देतो. ए३२० चिपसेट असता तर विषय इथेच संपला असता. मात्र ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे आधीच गृहीत धरावे.

प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा वेग ३.८ वरून ४.१ गिगाहर्ट्झवर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावे लागले, तर वेग जेमतेम ८ टक्के वाढतो आणि उष्णता मात्र सुमारे २५ टक्के. दुसरे असे की, तेवढ्याच कामाला प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण तेवढाच जास्त तापतो. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ७४ अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत ९२ च्या घरात जाईल. ३२००जी ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो आणि वाढवलेला वेग ऐन हंगामात कागदावरच राहतो.

म्हणून पहिला खर्च रॅमवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या प्रोसेसरमधील व्हेगा ८ ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. ते मुख्य रॅमच वापरते. एकच २४०० ची (हा रॅमच्या वेगाचा आकडा) रॅम असेल तर तिची माहिती वाहून नेण्याची क्षमता सेकंदाला १९.२ जीबी इतकी असते, आणि तशाच दोन लावल्या की ती दुप्पट होते. व्होल्टेजला हात न लावता मिळणारा हा लाभ ओव्हरक्लॉकिंगने मिळणाऱ्या लाभापेक्षा बहुधा जास्त जाणवेल. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवण्याची सोय, सुरू आहे का, ते पाहावे. अनेकांची ३००० किंवा ३२०० ची रॅम ते बंद असल्यामुळे वर्षानुवर्षे कमी वेगाने चालत असते. या प्रोसेसरला अधिकृतपणे २९३३ पर्यंतचीच रॅम चालते, तेव्हा ३२०० हेही ओव्हरक्लॉकिंगच समजावे आणि मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवून खात्री करावी. अस्थिर रॅम संगणक बंद पाडेलच असे नाही. ती गुपचूप फाइली खराब करते, आणि गिऱ्हाईकाच्या लग्नाचे चित्रण पुन्हा करता येत नाही.

एवढे झाल्यावर प्रोसेसरकडे वळावे. आहे त्या स्थितीत सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी अर्धा तास चालवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसणारे कमाल तापमान आणि त्या वेळचे खोलीचे तापमान, दोन्ही लिहून ठेवावे. मग बायोसमध्ये मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक, ३९ (३.९ गिगाहर्ट्झ) ठेवून व्होल्टेज स्वतः १.२५ असे भरावे. ते ‘ऑटो’वर सोडू नये, कारण मल्टिप्लायर वाढवताच बरेच मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. चाचणीत टिकले तर मल्टिप्लायर पाव-पाव अंकाने वाढवत जावे. टिकले नाही तर व्होल्टेज किंचित वाढवावे, पण या कूलरवर १.३५ च्या पुढे जाऊ नये. खोलीचे आजचे तापमान आणि तुमच्या खोलीचे मे महिन्यातले दुपारचे तापमान यांतला फरक मोजलेल्या कमाल तापमानात मिळवावा. बेरीज ८५ च्या वर जात असेल तर एक पायरी खाली यावे. संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नये. विजेची पिन काढून मदरबोर्डवरील क्लिअर सीमॉसचा जंपर वापरला की मूळ सेटिंग परत येते.

चाचणी चालू असताना संगणक अचानक बंद पडला, तर दोष ओव्हरक्लॉकिंगचाच असेल असे नाही. शेतीपंप सुरू झाले की दिवे मंदावतात, अशा लाइनवर स्वस्त पॉवर सप्लाय तग धरत नाही. गावठाणाचा फीडर वेगळा असेल तर हा त्रास कमी असतो, शेतातल्या घराला जास्त. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरमधील चुकांच्या) नोंदी असतील तर प्रोसेसर किंवा त्याच्या सेटिंगवर संशय घ्यावा. नुसती कर्नल-पॉवर ४१ ची (संगणक अचानक बंद पडल्याची) नोंद असेल तर आधी वीज आणि पॉवर सप्लाय तपासावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इतर सर्व काही बाजूला ठेवून अर्थिंग करून घ्यावे.

धूळ सगळीकडेच असते, पण आपल्याकडे वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवतात, आणि त्याचे तंतू प्रोसेसरच्या कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. हंगाम संपताच पंखा हाताने धरून ठेवून ब्रशने सफाई करावी. खोलीतल्या वाळ्याच्या कूलरचा उन्हाळ्यात मोठा आधार होतो, कारण कोरड्या हवेत तो खोली बरीच थंड करतो. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. प्रोसेसरसाठी उभा टॉवर कूलर घेण्याचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: सोबत मिळालेला कूलर खाली वारा मारतो आणि त्यामुळे शेजारचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा मदरबोर्डवरचा भाग, तोही थंड राहतो. ज्या स्वस्त मदरबोर्डच्या व्हीआरएमवर हीटसिंक (उष्णता खेचून घेणारा धातूचा तुकडा) नाही, तिथे टॉवर कूलरसोबत कॅबिनेटला एक पंखा जोडणे भाग आहे.

या सगळ्यातून तासाभराच्या एक्स्पोर्टमध्ये (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करण्यात) फार तर चार-पाच मिनिटे वाचतील. तुमची खरी अडचण ही एक्स्पोर्टचीच असेल, तर याच मदरबोर्डवर बायोस अद्ययावत करून सहा कोर आणि बारा थ्रेडचा रायझन ५ ५६००जी बसतो. जुना प्रोसेसर विकून त्यासाठी पैसे साठवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र बायोस अद्ययावत करताना मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम भारनियमनाची वेळ टाळून, यूपीएसची बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच करावे.