नव्या वनरक्षकास जुन्या शिकाऱ्याचे पत्र

धुळे,
फाल्गुन वद्य पंचमी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. वनरक्षक म्हणून तुझी पहिली नेमणूक यावल अभयारण्यात झाली, हे वाचून मला फार आनंद झाला. तुझे आजोबा आज असते, तर त्यांनी त्याच दिवशी एस.टी. पकडून तिथले पाल गाव गाठले असते. त्यांच्या शिकारीच्या गोष्टी घरात अर्ध्यामुर्ध्या ऐकल्या, त्या पूर्ण सांगा, असे तू लिहितोस, आणि त्या काळी तुम्ही जे शिकलात ते आज माझ्या काही उपयोगाचे आहे का, असेही विचारतोस. पुष्कळ उपयोगाचे आहे. मात्र आम्ही ज्या क्रमाने शिकलो त्याच्या उलट क्रमाने तू शिकावेस, असे मला मनापासून वाटते. आम्ही बंदूक चालवायला आधी शिकलो, रानात चालायला त्यानंतर, आणि थांबायला सर्वांत शेवटी. आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतील बहुतेक या क्रमामुळे झाल्या.

तुझे आजोबा आणि मी, आम्ही दोघे १९६४ पासून १९७१ पर्यंत दर हिवाळ्यात बाहेर पडत असू. त्या वेळी १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा लागू होता, आणि शिकारीला रीतसर परवाना लागे. तुझ्या आजोबांची १२ बोअरची दुनळी बंदूक, थोडी काडतुसे, ज्वारीच्या पिठाची पिशवी, लसणाची चटणी आणि दोन घोंगड्या एवढेच आमचे सामान असे. शिंदखेड्याकडच्या माळावर काळवीट आणि चिंकारा, आणि चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात सांबर, अशा आमच्या दोन वाटा ठरलेल्या होत्या. सातपुड्यात आमच्याबरोबर पावरा या आदिवासी जमातीतले एक वयस्क गृहस्थ येत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. माग काढण्यात त्यांच्याइतका वाकबगार माणूस मी पुढे आयुष्यात पाहिला नाही, आणि या पत्रात जे काही शहाणपणाचे आहे ते बहुतेक त्यांचे आहे.

पहिली गोष्ट वाऱ्याची. दादा कमरेला एक लहान पुरचुंडी बाळगत. तिच्यात गोवरीची वस्त्रगाळ राख असे. दर पन्नास-साठ पावलांनी ते थांबत, पुरचुंडीला बोटाने टिचकी मारत आणि राखेचा तो लहानसा ढग कोणीकडे सरकतो हे डोळे बारीक करून पाहत. आम्हां तरुणांना सुरुवातीला हा वेळकाढूपणा वाटे, कारण अंगाला वारा लागतो तो आपल्याला कळतोच, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात अंगाला न जाणवणारी झुळूकच सांबराला आपली खबर देते. सूर्य वर येण्यापूर्वी थंड हवा नाल्यांच्या उताराने खाली वाहत असते. ऊन पडून दगड तापले की तीच हवा चढणीने वर जाऊ लागते. आणि या दोहोंच्या मध्ये एक वेळ अशी येते की राख सरळ पायांवर पडते किंवा जागच्या जागी गिरक्या घेते. त्या वेळी दादा खाली बसत आणि आम्हांलाही बसवत. हवेने एक बाजू धरेपर्यंत ते कोणालाही उठू देत नसत, बिडी पेटवू देत नसत. तू राखेची पुरचुंडी आजच करून घे. पहाटे वरून खाली आणि ऊन चढल्यावर खालून वर गस्त घालणे सोपे पडते म्हणून बहुतेक जण तसे करतात. पण पहाटे वरून खाली येणाऱ्या माणसाचा वास त्याच्या आधी खाली पोचलेला असतो, आणि त्याला रान रिकामे दिसते.

माळावर वेगळा प्रकार असे. तेथे झाडोरा नाही, आणि काळविटाची नजर फार लांब पोचते. काळविटाच्या कळपाकडे चालत जाणे जवळजवळ अशक्य होते, परंतु शेतातून ये-जा करणाऱ्या बैलगाडीला ते बिचकत नसत. म्हणून आम्ही कापसाच्या गाडीच्या आडून, बैलांच्या खांद्यापाशी, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून चालत असू. गाडी कळपाच्या रोखाने कधीच न्यायची नाही; आपण दुसऱ्याच गावाला निघालो आहोत अशा बेताने तिरकी न्यायची, आणि प्रत्येक फेरीत वळसा थोडा लहान करायचा. गाडीवानाने गाणे थांबवले तर कळपाच्या माना वर होत, कारण सगळे चालू असताना अचानक पडलेली शांतता त्यांना खटके. चिंकाऱ्याची खोड निराळी. तो बिथरला की पाय आपटतो, शिंकल्यासारखा आवाज करतो आणि पळतो. पण बरेचदा दोनशे-अडीचशे पावलांवर थांबून मागे वळून पाहतो. त्याच्या या सवयीनेच त्याचा घात होई, आणि त्या सवयीचा फायदा आम्हीही घेतला आहे, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

रंगांविषयी तू विचारले आहेस. हरणांना तांबडा आणि नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा ओळखू येत नाही, म्हणून तुझ्या खाकी गणवेशाची चिंता करू नकोस. त्यांना हालचाल दिसते, आणि ऊन पडल्यावर चकाकणारे काहीही दिसते, मग ते घड्याळ असो, पट्ट्याचे बक्कल असो किंवा मोबाइलची काच असो. चालण्याविषयी सांगायचे तर माघानंतर सागाची पाने वाळून पापडासारखी वाजू लागतात, तेव्हा पानांवरून चालण्याऐवजी नाल्याच्या वाळूतून किंवा उघड्या खडकावरून चालावे. जनावराची मान खाली असेल तेव्हा पाऊल टाकावे, आणि मान वर आली की एक पाय उचललेला असला तरी तसेच उभे राहावे. पोटरी भरून येते, डोळ्यांत घाम उतरतो, आणि तरीही हलायचे नाही. हे सांगायला सोपे असले तरी मला ते अंगवळणी पडायला तीन हिवाळे लागले.

आता जी गोष्ट तुझ्या घरात अर्धीच सांगितली गेली असेल, ती पूर्ण सांगतो. १९६८ चा डिसेंबर होता. दिवसभर आम्ही एका सांबर नराच्या मागावर होतो. पायाखाली खुरांचे ठसे ताजे होते, एका डबक्याकाठी त्याने लोळण घेतलेला चिखल अजून ओला होता आणि बाजूच्या धावड्याच्या खोडावर शिंगे घासल्याने साल सोललेली होती. सूर्य डोंगराआड गेल्यावर तो आम्हांला समोरच्या उतारावर दिसला. अंतर माझ्या अंदाजाने ऐंशी पावले होते. दुसऱ्या दिवशी मोजले तेव्हा ते एकशे वीसच्या वर भरले. उजेड उतरला की अंतराचा अंदाज चुकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दादांनी माझ्या बंदुकीच्या नळीवर हात ठेवून ती खाली दाबली. मी तो हात बाजूला सारला आणि चाप ओढला.

सांबर कोसळले नाही. ते पाठ वाकवून उडाले आणि झाडीत गेले. तुझे आजोबा टॉर्च घेऊन धावणार होते, परंतु दादांनी त्यांना अडवले. त्यांनी जागेवर जाऊन एक पान उचलले, नाकाशी नेले आणि माझ्यापुढे धरले. त्यावरचे रक्त काळपट होते आणि त्यात चावलेल्या गवताचे हिरवे कण होते. रक्त लालभडक आणि फेसाळ असते तर गोळी फुप्फुसात बसली असे समजायचे, आणि जनावर जवळच पडलेले सापडते. हे मात्र पोटात लागले होते. अशा जनावराच्या लगेच मागे गेले तर ते वेदनेच्या भरात मैलोगणती जाते, आणि आपण मागे गेलो नाही तर जवळच बसते, म्हणून रात्र बसून काढायची, असे त्यांनी सांगितले. ती रात्र आम्ही शेकोटीशिवाय काढली. पहाटे माग धरला. दादा प्रत्येक थेंबापाशी एक हिरवे पान दगडाखाली दाबून ठेवत, म्हणजे पुढे माग तुटला तर मागे वळून पानांची रांग पाहता येई आणि जनावर कोणत्या रोखाने गेले हे कळे. खडकाळ भागात त्यांनी पाऊण तासात जेमतेम वीस पावले पुढे सरकवली. दुपारी ते सांबर नाल्यातल्या एका डोहाच्या कडेला सापडले, कारण पोटात जखम झालेले जनावर पाण्याकडे जाते. ते जिवंत होते. त्याच्या डोळ्यांखालच्या ग्रंथी, ज्या एरवी मिटलेल्या रेघेसारख्या दिसतात, त्या पूर्ण उघडून लालसर खोबणीसारख्या झाल्या होत्या, आणि कान मात्र आमच्याकडे वळवण्याइतकीही शक्ती त्याला उरली नव्हती. दुसरी गोळी मी झाडली. जवळजवळ अठरा तास ते जनावर माझ्या एका घाईमुळे तळमळत होते. दादांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, परंतु परतीच्या वाटेवर त्यांनी ती दाबलेली पाने एक एक करून काढून टाकली, आणि मी त्यांच्यामागून चालत ते पाहत होतो.

त्यानंतरही आम्ही तीन हिवाळे गेलो, पण सूर्य डोंगराआड गेल्यावर मी कधी बंदूक उचलली नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकार करू देण्याची तरतूदच निघून गेली. तो कायदा आला हे फार बरे झाले, असे मी तेव्हाही म्हणत होतो. माळ नांगरले गेले, आणि जीपच्या दिव्यांनी डोळे दिपवून रात्री कळपच्या कळप मारणारे लोक आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. आम्ही पायी जाऊन एक जनावर घेत होतो म्हणून या नाशात आमचा वाटा नव्हता, असे मी समजत नाही.

या कायद्यातील एक गोष्ट तू पाठ करून ठेव, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. फास लावणे, पकडणे, हाका घालून हुसकावणे, आमिष ठेवणे आणि तसा प्रयत्न करणे हेही कायद्याने शिकारच आहे. म्हणून छायाचित्रासाठी चिंकाऱ्यामागे गाडी पळवणारा सुशिक्षित पाहुणा समोर आला, तर त्याला तू नम्रपणे, पण ठामपणे अडवावेस. त्याचप्रमाणे आपल्याकडे सरसकट सगळ्यांना हरीण म्हणतात, तरी तू भेद ओळखायला शीक. सांबर आणि भेकर यांची शिंगे दर वर्षी गळून नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय यांची शिंगे जन्मभर राहतात. गळलेले सांबरशिंग रानात सापडले तर ती सरकारची मालमत्ता असते, आणि ते घरी नेऊन भिंतीवर लावण्याचा मोह तुझ्या हाताखालच्या मजुरालाही होऊ देऊ नकोस.

आता ऊन वाढेल आणि जनावरे पाण्याभोवती राहतील. चौसिंगा फार लाजाळू, एकटा राहणारा आणि पाण्यापासून दूर न जाणारा. तो एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे ती जागा सापडली की त्याचा रोजचा मार्ग सापडलाच. आम्ही अशा जागा शोधून तेथे दबा धरत असू. तुझ्या दृष्टीने त्यांचे महत्त्व उलट आहे, कारण फासे लावणाराही नेमक्या त्याच जागा शोधत येतो. पाणवठ्याकडे उतरणाऱ्या अरुंद पायवाटांवर, दोन झुडपांच्या मध्ये, गुडघ्याच्या उंचीवर नजर ठेवून चाल. उभ्याने चालणाऱ्याला तार दिसत नाही. वाकून, सूर्याकडे तोंड करून पाहिले की ती चमकते. वाकवून बांधलेले कोवळे रोप किंवा कारण नसताना वाटेच्या दोन्ही बाजूंना रचलेली काटेरी फांदी दिसली, तर तेथे थांब. मोहाची फुले पडू लागली की झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे, आणि तेथूनच रानाला आग लागते. ती फुले वेचायला पहाटे येणाऱ्या बायांशी भांडू नकोस. त्यांच्याबरोबर एक सकाळ पाचोळा झाडून दे. त्या पहाटे काय काय पाहतात ते तुला त्याच सांगतील.

रोह्यांनी पीक तुडवले म्हणून एखादा शेतकरी तुझ्यावर ओरडला, तर आधी त्याच्या बांधावर जा आणि नुकसान पाहा. पंचनाम्याचा कागद लवकर झाला, तर तोच माणूस पुढे तारेत वीज सोडणाऱ्याची खबर देतो.

आजोबांच्या बंदुकीविषयी विचारले आहेस. परवानाधारक वारल्यानंतर ती तुझ्या वडिलांनी पोलीस ठाण्यात जमा केली आहे. ती सोडवून आणण्याचा विचार मनात आणू नकोस. त्यांची दुर्बीण मात्र माझ्याकडे होती, ती या पत्राबरोबर तुझ्या मामांच्या हाती पाठवत आहे. तिचे उजवे भिंग थोडे घट्ट फिरते, त्यावर तेल घालू नकोस. आणि पट्ट्याला जी लहान कापडी पुरचुंडी बांधली आहे ती सोडू नकोस, तिच्यात राख भरून दिली आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राण्यांची गणना असेल, तेव्हा तुमच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळाली तर मला एका मचाणावर जागा ठेव. सायंकाळी चारच्या आत मचाणावर चढावे लागेल, म्हणून मी दुपारच्या गाडीने येईन. घोंगडी मी आणतो, भाकरीचे तू पाहा.

तुझा,
आबा